मेव्हण्याची तब्येत

मला मेव्हणा नाही. माझ्या सासऱ्यांना चार मुली आणि माझी बायको त्यांतली तिसरी. म्हणजे मेव्हण्या तीन, साडू तीन आणि मेव्हणा शून्य. असं असूनही गेली काही वर्षं आमच्या मॅनेजरसाहेबांना माझ्या मेव्हण्याच्या तब्येतीची फार काळजी आहे. मलाही त्यांच्या मावशीची आहे. त्या मावशी 1998 सालीच वारल्या हे मला मागाहून कळलं, पण म्हणून काळजी काही कमी झाली नाही.

हे सगळं कसं जमून आलं ते सांगायचं, तर आधी स्ट्राँगरूमबद्दल सांगावं लागेल. मी एका बँकेत हेड कॅशियर आहे. यातलं 'हेड' फसवं आहे. मी साधा क्लार्कच. चार पैसे भत्ता जास्त आणि गळ्यात एका चावीचं लोढणं, एवढाच काय तो फरक. स्ट्राँगरूमला दोन चाव्या असतात. आमच्या लहानशा शाखेत एक मॅनेजरसाहेबांकडे आणि एक माझ्याकडे. दोन्ही लागल्याशिवाय दार उघडत नाही. बँकेचा माणसावर विश्वास नाही असं नाही, एकट्या माणसावर नाही एवढंच.

तर 2019 सालच्या जुलैमधला सोमवार. बाहेर पाऊस, आत पेन्शनर. मी कॅशच्या पिंजऱ्यात बसून एका आजोबांना शंभराच्या नोटा मोजून देत होतो. बहात्तर, त्र्याहत्तर, चौऱ्याहत्तर, आणि एकदम छातीत कुणीतरी नोटा मोजण्याचं मशीन सुरू केलं. धडधड म्हणजे किती? शर्टाचा खिसा हलताना दिसत होता! हातांना मुंग्या, तोंडाला कोरड, घाम, आणि डोळ्यांपुढे आजोबांच्या जागी थेट यमराज, तेही पासबुक घेऊन. मी मेलो असं मला वाटलं. 'वाटलं' हा शब्द लिहायला सोपा आहे. त्या क्षणी ती माहिती होती, अगदी छापील माहिती. मनात पहिला विचार काय आला असेल? बायको, मुलगी? छे. "कॅश टॅली कोण करणार?"

चौघांनी उचलून रिक्षात घातलं. हॉस्पिटलात कार्डिओग्राम काढला, रक्त तपासलं, रात्रभर ठेवून घेतलं, सकाळी छातीची सोनोग्राफी केली. सगळं नॉर्मल! डॉक्टर म्हणाले, "तुमचं हृदय उत्तम आहे." मी ओशाळलो. बायको देव्हाऱ्यापुढे पेढे ठेवायला निघाली होती आणि मी मात्र एवढा गाजावाजा करून शेवटी काहीच न झाल्याच्या शरमेने अर्धमेला झालो होतो. शाखेतल्या लोकांनीही माझ्याकडे जरा फसवल्यासारखंच पाहिलं. माणसाला निदान एखादा ब्लॉक तरी असावा.

मग सल्ले सुरू झाले. आमचे शिपाई मामा म्हणाले, "ग्यास." पहिल्या मजल्यावरचे नाना म्हणाले, "पित्त." मोठ्या मेव्हणीने फोनवरून नाकात घालायला गाईचं तूप सांगितलं. आणि यच्चयावत सगळ्यांनी सांगितलं, "टेन्शन घेऊ नका." हे असं सांगतात की जणू मी रांगेत उभा राहून, टोकन घेऊन, सही करून टेन्शन घेतलंय. काही जण म्हणाले, "मन खंबीर करा." रामदासस्वामींनी मनाला समजावायला 205 श्लोक खर्ची घातले. समर्थांना जिथे एवढी स्टेशनरी लागली, तिथे नाना मला चहा पिता पिता दोन वाक्यांत खंबीर करत होते.

तो झटका पुन्हा आला. मग तिसऱ्यांदा आला. पण खरं सांगायचं तर झटक्यांनी मला जेवढं छळलं नाही, तेवढं दोन झटक्यांच्या मधल्या दिवसांनी छळलं. बँकेत एक सस्पेन्स खातं असतं. कशाची आहे ते कळत नाही अशी रक्कम तिथे टाकून ठेवतात आणि छडा लागला की योग्य खात्यात वळवतात. माझ्या डोक्यात तसं एक खातं उघडलं होतं आणि त्यात रोज भर पडत होती. मुलीला यायला दहा मिनिटं उशीर झाला, टाका सस्पेन्सला. हेड ऑफिसचा फोन आला, टाका सस्पेन्सला. काहीच झालं नाही, मग आज काहीच कसं झालं नाही, तेही टाका सस्पेन्सला! भीती कशाची, तर भीती वाटेल याची. हे म्हणजे व्याजावर व्याज. मुद्दल कुठे आहे ते शोधायला गेलो तर पानच कोरं.

मग मी जागा टाळायला लागलो. आधी लिफ्ट सोडली. मग फास्ट लोकल सोडली. मी राहतो डोंबिवलीला, शाखा दादरला. तेव्हा फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जात असे. बोगदा सव्वा किलोमीटरच्या थोडा वर, 1916 सालापासून वापरात असलेला, आणि माझ्या माहितीत त्याने कुणालाही गिळलेलं नाही. पण मला गिळेल अशी माझी खात्री होती. मी स्लो लोकलने जायला लागलो, कारण तिथून दर तीन-चार मिनिटांनी उतरता येतं. उतरलो कधीच नाही. पण उतरता येईल या एका सोयीसाठी मी रोज अर्धा तास लवकर निघत होतो. बायकोने पंधरा दिवस हे पाहिलं आणि मग सहज विचारावं तसं विचारलं, "स्लोला कोण असतं हो?"

शेवटी फॅमिली डॉक्टरांनी एका चिठ्ठीवर नाव लिहून दिलं आणि म्हणाले, "यांना भेटा. मानसोपचारतज्ज्ञ आहेत." मी चिठ्ठीची चार घड्या घातल्या. मी कॉमर्सचा माणूस. मन हा विषय आर्ट्सवाल्यांचा, अशी माझी समजूत. आणि शिवाय लोक काय म्हणतील? हृदयरोग झालेला माणूस समाजात कसा ताठ मानेने वावरतो, बायपासचे टाके शर्ट उघडून दाखवतो! मनाच्या डॉक्टरकडे जाणाऱ्याला मात्र दवाखान्याच्या दारात चप्पल तुटल्याचं निमित्त करावं लागतं.

चिठ्ठीवरचा दवाखाना डोंबिवलीतच होता, म्हणून तो बाद. मी चौकशी करून पार्ल्याचा एक काढला. मध्य रेल्वेवरच्या माणसाला पश्चिम रेल्वेवर कुत्रंही ओळखत नाही, हा माझा अनुभव. बायकोला सांगितलं, ऑडिट आहे, उशीर होईल.

संध्याकाळी सात वाजता त्या दवाखान्यात शिरलो. बाकावर पाच-सहा माणसं, सगळी अगदी तुमच्या-आमच्यासारखी. (मी काय अपेक्षा केली होती कोण जाणे!) कोपऱ्यात एक गृहस्थ तोंडासमोर वर्तमानपत्र धरून बसले होते. वर्तमानपत्र उलटं होतं. वर्तमानपत्राखाली जी पॅन्ट दिसत होती, तिच्या पट्ट्याला एक चावी लटकत होती. ती चावी मी गेली तीन वर्षं रोज सकाळी साडेनऊला पाहत होतो.

"साहेब?" माझ्या तोंडून निघून गेलं.

वर्तमानपत्र हळूहळू खाली आलं.

"अरे, तुम्ही? इकडे कुठे?"

"मेव्हणा," मी म्हणालो. "मेव्हण्याला दाखवायचंय. जरा बरं नसतं त्याला. तुम्ही?"

"मावशी," साहेब म्हणाले. "आमची मावशी."

"कुठे आहेत?"

"आत गेलीय. म्हणजे, बाथरूमला. मेव्हणा?"

"खाली. पार्किंग बघतोय."

साहेब ठाण्याचे. पश्चिम रेल्वेबद्दल त्यांचाही अनुभव माझ्यासारखाच असणार. आम्ही दोघं शेजारी शेजारी बसलो. शाखेतली एकूण रोकड, तारण ठेवलेलं सोनं, सगळ्याच्या दोन्ही चाव्या त्या क्षणी मानसोपचारतज्ज्ञाच्या बाकावर होत्या आणि खातेदार बिचारे घरी निश्चिंत जेवत होते. तेवढ्यात काउंटरवरच्या मुलीने माझं नाव पुकारलं, वडिलांच्या नावासकट, खणखणीत. मी उठलो. साहेब छताकडे पाहत म्हणाले, "जा, जा. मेव्हण्याच्या वतीने तुम्ही बोललात तरी चालत असेल."

डॉक्टर माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असलेल्या बाई होत्या. त्यांनी हृदयाचे रिपोर्ट आधी नीट पाहिले. "छातीत पहिल्यांदा असं झालं की हे तपासायलाच हवं, ते केलंत ते चांगलं केलंत," म्हणाल्या. एवढ्यानेच माझी निम्मी शरम गेली. मग त्यांनी विचारलं, "बँकेत सायरन असतो ना? कधी उगाच वाजलाय?"

वाजलाय म्हणजे काय! 2014 साली रात्री दोन वाजता पालीमुळे सायरन वाजला होता. पोलीस आले, साहेब आले, मी डोंबिवलीहून टॅक्सी करून आलो. सगळं जागच्या जागी, आणि सेन्सरवर एक पाल.

"तसंच आहे हे," बाई म्हणाल्या. "शरीराचा सायरन. वाघ समोर आला तर पळता यावं म्हणून अ‍ॅड्रिनलिन सुटतं, हृदय जोरात चालतं, श्वास वाढतो. भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून मुंग्या येतात, गरगरतं. सगळं खरं आहे, तुमची कल्पना नाही. फक्त वाघ नाही, पाल आहे. आणि बहुतेक वेळा हा सायरन दहाएक मिनिटांत चढतो आणि मग आपोआप उतरायला लागतो. तो उतरतो हे तुम्हाला कळतच नाही, कारण त्याआधीच तुम्ही तिथून पळालेले असता."

मी स्लो लोकलबद्दल काही बोललो नव्हतो. तरी कान गरम झाले.

त्यांनी विचारलं, "घरात आधी कुणाला असा काही त्रास?"

"नाही," मी म्हणालो. जितक्या वेगाने आम्ही 'सर्व्हर डाउन आहे' म्हणतो, तितक्या वेगाने.

परतीच्या स्लो लोकलमध्ये, विक्रोळीच्या आसपास, मला अण्णा आठवले. अण्णा म्हणजे माझे वडील. परळच्या एका मिलमध्ये टाइमकीपर होते. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. तो संपला असं कुणी कधी जाहीरच केलं नाही. अण्णाही तसेच बसून राहिले. लालबागच्या चाळीत, गॅलरीत, लोखंडी खुर्चीवर. मी तेव्हा पाच-सहा वर्षांचा. सकाळी शाळेत जाताना अण्णा खुर्चीवर, परत येताना खुर्चीवर. दाढी वाढलेली. ज्या माणसाने सबंध मिलची वेळ राखली, त्याला स्वतःचा वेळ खायला उठला होता. चाळीत दारं कायम उघडी, कुणाच्या आमटीत मीठ जास्त झालं तेही सगळ्यांना ठाऊक असायचं, पण या माणसाला काय झालंय ते कुणालाच कळलं नाही. कुणी म्हणालं, आळस भरलाय. कुणी म्हणालं, बाहेरचं आहे, अंगारा लावा. शेवटी ज्योतिषाने साडेसाती सांगितली आणि आईला त्यातल्या त्यात बरं वाटलं, कारण साडेसातीला निदान मॅच्युरिटीची तारीख तरी असते. पुढे अण्णा एका किराणा दुकानाचे हिशेब लिहायला लागले, घर चाललं, मी बी.कॉम. झालो. पण पूर्वी ते दाढी करताना शीळ घालायचे, असं आई सांगते. मी ती ऐकल्याचं मला आठवत नाही.

डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली होती आणि आठवड्याला एकदा त्यांच्याकडच्या समुपदेशकाशी बोलायला सांगितलं होतं. गोळीबद्दल आधीच बजावलं होतं की गुण यायला दोन-चार आठवडे लागतील, मळमळ मात्र आधी येईल. अगदी आमच्या योजनांसारखं. हप्ते ताबडतोब, फायदा नंतर. गोळ्यांचं पाकीट मी जुन्या दाढीच्या डब्यात, ब्रशखाली लपवलं. झोप सुधारली. सस्पेन्स खात्यातली एकेक नोंद जागच्या जागी जायला लागली. ऑक्टोबरात मला इतकं बरं वाटायला लागलं, की मी स्वतःच स्वतःला डिस्चार्ज दिला आणि गोळी बंद केली. डॉक्टरांनी 'आपल्या मनाने थांबवू नका' असं तीनदा सांगितलं होतं. पण मन हेच जर आजारी, तर ते ऐकणार कसं?

तीन-चार दिवसांत गरगरायला लागलं, आणि पाचव्या दिवशी, रविवारी, साहेबांचा घरी फोन आला. मी अंघोळीला गेलो होतो. फोन बायकोने घेतला. साहेब मूळचे सज्जन. दोन दिवस माझा चेहरा पाहून त्यांना राहवलं नसावं. त्यांनी अत्यंत हळुवार आवाजात विचारलं, "वहिनी, तुमच्या भावाची तब्येत कशी आहे आता?"

मी टॉवेल गुंडाळून बाहेर आलो तर बायको जेवणाच्या टेबलाशी बसलेली. समोर दाढीचा डबा.

"मला भाऊ झाल्याचं आजच कळलं," ती म्हणाली.

मी बसलो. टॉवेलमध्येच. सगळं सांगितलं. पिंजरा, बोगदा, पार्लं, पाल, अण्णा. ऑडिटचं खोटं होतं तेही सांगितलं. वाटलं होतं, ती रडेल किंवा ओरडेल. ती म्हणाली, "गोळ्यांचं मला ऑगस्टपासून माहीत आहे. मी मोजते रोज. मेडिकलवाल्याला नाव दाखवून विचारूनही आले कशाच्या ते. तुम्ही स्वतःहून सांगाल म्हणून थांबले होते. पण मंगळवारी अकरा होत्या, आजही अकराच आहेत. का?"

एकोणीस वर्षं मी बँकेत कॅश टॅली करतोय. घरी माझी कॅश कुणी टॅली करत असेल हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. मी काही बोललो नाही. तिने पेला भरून पाणी आणलं आणि स्वतः समोर उभी राहिली. अर्थात गोळी लगेच घेतली नाही, कारण तिने आधी डॉक्टरांना फोन करायला लावला. त्या बाई माझ्यापेक्षा तिच्याशीच जास्त वेळ बोलल्या.

पुढच्या खेपेला आम्ही दोघं गेलो. मी डॉक्टरांना म्हणालो, "मागच्या नोंदीत एक दुरुस्ती आहे. घरात त्रास होता. वडिलांना." त्यांनी कागद काढून 'नाही' खोडलं, वर 'वडील' लिहिलं आणि कडेला सही केली. खाडाखोडीवर सही करणारी माणसं मला एकंदरीत आवडतात.

समुपदेशकाने गृहपाठ दिला बोगद्याचा. भीती संपण्याची वाट पाहत बसायचं नाही, भीतीसकट आत जायचं आणि सायरन उतरेपर्यंत जागचं हलायचं नाही. मग रविवारी सकाळी आम्ही नवराबायको डोंबिवलीहून फास्ट लोकलने ठाण्याला जायचो आणि त्याच पावली परत यायचो. असे चार-चार फेरे. ती खिडकीशी बसून मटार सोलायची. बोगदा आला की, मान वर न करता, "किती?" एवढंच विचारायची. शून्य ते दहात मी भीतीला मार्क द्यायचे. पहिल्या रविवारी नऊ. मला दार उघडून उडी मारावीशी वाटत होती आणि ही म्हणते, "त्या बाजूचे दाणे वेचा, खाली सांडलेत." चौथ्या-पाचव्या रविवारी सहा. मग चार. डब्यातल्या एका नेहमीच्या भजनवाल्याने शेवटी न राहवून विचारलं, "ठाण्याला मटार स्वस्त आहेत का?"

जानेवारीच्या एका रविवारी तिने "किती?" विचारलं, आणि मला सांगता येईना. कारण बोगदा मागे गेला होता आणि माझं लक्षच नव्हतं. मी दाणे खात होतो.

एवढी तपश्चर्या केली, आणि फेब्रुवारी 2022 मध्ये रेल्वेने नव्या मार्गिका सुरू करून फास्ट लोकल कळवा-मुंब्र्याच्या बाजूने वळवल्या. बोगदा लांबच्या गाड्यांना दिला. रेल्वेने हे दोन-तीन वर्षं आधी केलं असतं तर माझे मटार वाचले असते. ते असो. झटका त्यानंतर मला आलाच नाही असं नाही. 2021 च्या एप्रिलमध्ये, करोनात शाखेतले दोघे एकाच आठवड्यात गेले तेव्हा आला, आणि तो पालीचा नव्हता. त्या वेळी डॉक्टर म्हणाल्या, हा आजार नाही, हे दुःख आहे, याला गोळी वाढवून देणार नाही. मला दोन्हींतला फरक तोवर ठाऊक नव्हता.

साहेब आणि मी या विषयावर कधीही एक शब्द बोललो नाही. म्हणजे सरळ बोललो नाही. पण रोज सकाळी साडेनऊला स्ट्राँगरूमपाशी, आधी त्यांची चावी, मग माझी, आणि दार उघडता उघडता साहेब विचारायचे, "मेव्हणा कसा आहे?"

"काल झोप लागली त्याला. मावशी?"

"मावशीचं टार्गेट पूर्ण होत नाही हो. झोनल ऑफिसचा मेल आला की ती रात्रभर जागी."

एकदा मावशी तीन दिवस काही खात नाही, माझं काय काम आहे इथे असं म्हणते, असं साहेब म्हणाले, आणि त्यांची चावी कुलपात फिरेना. हात थरथरत होता. मी त्यांची चावी काढून त्यांच्या खिशात ठेवली, शाखा पंधरा मिनिटं उशिरा उघडेल असं मामांना सांगितलं आणि साहेबांना केबिनमध्ये बसवून पार्ल्याला फोन लावला. "मावशीला आजच घेऊन येतोय," म्हटलं. पंधरा मिनिटांची ती पाऊण तास झाली. बाहेर पेन्शनर ओरडत होते. अकाउंटंटकडे चाव्या रीतसर सोपवून, रजिस्टरमध्ये सह्या करून आम्ही दोघं टॅक्सीने गेलो. रजेच्या अर्जावर साहेबांनी कारण लिहिलं 'पित्त'. मी 'ग्यास' लिहिलं.

2023 साली साहेबांची नागपूरला बदली झाली. परवा रात्री त्यांचा फोन आला. मी जेवत होतो, म्हणून बायकोने घेतला. तिकडून बराच वेळ काहीतरी बोलणं चाललं होतं. ती "हो का? अरे वा! निम्मी केली गोळी?" असं म्हणत होती. मग माझ्या ताटाकडे पाहत म्हणाली, "भाऊ ना? भाऊ मजेत आहे. आत्ता तिसऱ्यांदा भात घेतोय."